वारा बघून रजा टाका

मुंबईकराची सहल शनिवारपासून सुरू होते. आधी शनिवार ठरतो, मग तंबू किंवा बंगला, मग कोणाची गाडी काढायची आणि चिकन कोण आणणार. वाऱ्याचा विषय निघालाच तर शेकोटी विझायला लागल्यावर. इतर सहलींना हा क्रम चालतो. विंडसर्फिंगला तो उलटा करावा लागतो: आधी वारा, मग तास, मग वार, आणि सगळ्यात शेवटी मुक्काम. अंधेरी-बोरिवलीच्या किंवा मुलुंड-घाटकोपरच्या माणसाला सह्याद्रीतल्या एखाद्या तलावावर शीड घेऊन जायचं असेल, तर त्याने हे वेळापत्रक कसं मांडावं, ते इथे सांगतो. तलाव म्हणून पवना धरणाचा जलाशय घेतो. जवळ आहे, मोठा आहे, आणि त्याच्या खोऱ्याची दिशा आपल्या कामाची आहे.

खेळ कसा आहे ते आधी थोडक्यात. लांब फळी, तिच्या मधोमध उभी डोलकाठी, तिला शीड, आणि शीड धरायला छाती-खांद्याच्या उंचीवर आडवा दांडा, म्हणजे बूम. डोलकाठी फळीला घट्ट रोवलेली नसते. खाली एक लवचीक सांधा असतो, त्यामुळे ती कुठेही कलते. १९६८ साली कॅलिफोर्नियात हॉयल श्वाइत्झर आणि जिम ड्रेक यांनी ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिचं मर्म हा सांधा होता. सुकाणू नसतंच. शीड पुढे झुकवलं की फळीचं नाक वाऱ्यापासून दूर वळतं, मागे झुकवलं की वाऱ्याकडे. १९८४ पासून हा ऑलिम्पिकमधला खेळ आहे. आपल्याकडे गोव्याचे कात्या कोएल्हो आणि डेन कोएल्हो देशाकडून खेळले, आणि २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत इबाद अलीने आरएस:एक्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं.

उपनगरातल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आपले तीन तलाव दाराशी असताना घाट कशाला चढायचा? विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. दोन्ही शहराला पिण्याचं पाणी देतात, दोन्ही राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलाला लागून आहेत, आणि तिथे फळी टाकणं सोडाच, काठावर जायलाही मुभा नाही. राहिला पवई. तो १८९१ च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठीच बांधला, पण पाणी पिण्यालायक ठरलं नाही. आज त्यात जलपर्णी आहे, सांडपाणी येतं, आणि मगरी आहेत. या शेवटच्या मुद्द्यावर लोक हसतात. आयआयटीच्या बाजूच्या काठावर ऊन खात पडलेली मगर पाहिली की हसू थांबतं. शिकणारा माणूस पहिल्या तासात फळीवर कमी आणि पाण्यात जास्त असतो. तेव्हा पवई बाद.

जुहू, वर्सोवा, अक्सा, गोराई हे किनारे वाऱ्याच्या दृष्टीने वाईट नाहीत, मार्च ते मे तर चांगलेच. पण तिथे वारा समुद्राकडून थेट किनाऱ्यावर येतो, काठाशी लाट फुटते, आणि भरती-ओहोटीत मोठ्या उधाणाच्या दिवशी पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. अक्सा तर बुडणाऱ्यांच्या बातम्यांसाठीच प्रसिद्ध आहे. ज्याला अजून फळीवर नीट उभं राहता येत नाही, त्याला एकाच वेळी लाट, ओढ आणि वारा नको. तलावात लाट नाही, ओहोटी नाही, हिशेब फक्त वाऱ्याचा. तो मात्र समुद्रावरच्या वाऱ्यापेक्षा लहरी असतो, आणि सगळं नियोजन त्याच्याभोवती फिरतं.

शाळेत भूगोलाच्या तासाला खारे वारे आणि मतलई वारे सगळ्यांनी पाठ केलेले असतात. दिवसा जमीन समुद्राहून लवकर तापते, जमिनीवरची हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरून हवा येते, ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, ते मतलई. हिवाळ्यात मुंबईत सकाळी पूर्वेकडून येणारी झुळूक मतलईची. दुपारी ती पडते, थोडा वेळ पान हलत नाही, आणि मग पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून वारा सुटतो. मार्चपासून जमीन जास्त तापते, तसा हा वारा लवकर सुटायला लागतो आणि जोरही धरतो.

हा वारा किनाऱ्यावर थांबत नाही. तापलेलं दख्खनचं पठार त्याला आत ओढत राहतं. कोकणपट्टी ओलांडून घाटापर्यंत यायला त्याला काही तास लागतात, म्हणून अंधेरीत बारा-एकला सुटलेला वारा घाटमाथ्यावर दुपार कलताना पोहोचतो आणि पुण्यात संध्याकाळी. एप्रिलमध्ये पुणेकर संध्याकाळी गच्चीवर जाऊन बसतात ते याच वाऱ्यासाठी. म्हणजे पवनेवर खेळाची वेळ सकाळची नव्हे. दुपारी अडीच-तीनपासून सूर्य डोंगरांमागे जाईपर्यंत, एवढीच. पहाटे उठून सातला पाण्यावर पोहोचणारा उत्साही माणूस आरशासारख्या पाण्यात शीड धरून उभा राहतो, आणि वारा सुटेपर्यंत जेवून पेंगायला लागतो.

आता महिने बघू. जून ते सप्टेंबर पूर्ण बाद. वारा भरपूर असतो, पण घाटात ढग उतरतात, समोरचा काठ दिसत नाही, आणि धरण भरलं की विसर्ग सुरू होतो. शिवाय पावसाळ्यात पुणे जिल्हा प्रशासन मावळ-मुळशीतल्या धरणांवर आणि धबधब्यांवर पाण्यात उतरायला बंदीचे आदेश काढतं, ते योग्यच आहे. ऑक्टोबर उकाड्याचा आणि बिनवाऱ्याचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तंबूवाल्यांचा हंगाम: थंडी, चांदणं, गर्दी. वारा मात्र मंद, पाच-सात नॉटच्या पुढे क्वचित. ज्याला पहिल्यांदाच उभं राहायला शिकायचं आहे त्याला हे महिने उत्तम, कारण शीड हातातून हिसकलं जात नाही. ज्याला फळी पळवायची आहे त्याच्यासाठी खरे दिवस मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत. मे महिन्यात वारा आणखी वाढतो, पण त्याबरोबर वळीव येतो. त्याकडे नंतर वळतो.

नॉटचा हिशेब पक्का करून ठेवावा. एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून दहा नॉटचा वारा चौदा झाला की जोर जवळजवळ दुप्पट होतो. ‘थोडाच तर वाढलाय’ हे वाक्य इथे लागू पडत नाही. नवशिक्याला सहा ते दहा नॉट पुरे. बारा-तेराच्या पुढे, मोठं शीड असेल तर, फळी पाणी कापणं सोडून पाण्यावर घसरायला लागते. या खेळाचं व्यसन लागतं ते तिथे. पाण्यावर पांढरे तुरे जागोजागी दिसू लागले की वारा दहाच्या पुढे गेला असं समजावं. हे मोजमाप कुठल्याही ॲपपेक्षा भरवशाचं आहे.

ॲप तरीही बघायचंच. विंडगुरू आणि विंडी ही दोन खेळाडूंमध्ये रुळलेली आहेत. फक्त त्यांच्या आकड्यांमागे काय असतं ते माहीत हवं. जगभराच्या हवामानाची गणितं पृथ्वीवर जाळं टाकून केली जातात, आणि त्या जाळ्याचा एकेक चौकोन नऊ, तेरा, कधी पंचवीस किलोमीटरचा असतो. तेवढ्या चौकोनात सह्याद्रीची धार, दरी, तलाव आणि भोवतालचे चारी किल्ले मिळून एकच सपाट उतार होतो. म्हणून आकडा खरा मानू नये, कल खरा मानावा. दुपारी वारा पश्चिमेचा दाखवतोय का, कालच्यापेक्षा जास्त की कमी, कितीला चढतोय, एवढंच त्यातून घ्यावं. निघण्याच्या दोन दिवस आधी बघावं, आदल्या रात्री बघावं, आणि दोन्ही वेळा चित्र सारखं असेल तरच गाडीवर फळी चढवावी. वर्सोव्याला किंवा मढला राहणारा मित्र असेल तर दुपारी एक फोन करावा. किनाऱ्यावर वारा सुटलाच नसेल, तर घाटात तो येणार कुठून?

पवनेचं खोरं घाटमाथ्यापासून पूर्वेकडे जातं. उत्तरेला लोहगड आणि विसापूर, दक्षिणेला तुंग आणि तिकोना. हे किल्ले समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून थोडे उंच, आणि पाणी सहाशेच्या आसपास, म्हणजे दोन्ही बाजूंना चारशे मीटरांच्या भिंती. पश्चिमेचा वारा या बोळात शिरला की लांबीने वाहतो. पण डोंगराच्या पाठीशी त्याचे भोवरे होतात. तुंगाच्या आडोशाला शीड एकदम रिकामं पडतं, आणि शंभर मीटर पुढे गेलं की झोत बसतो. म्हणून पोहोचल्यावर लगेच शीड जोडायला बसू नये. अर्धा तास काठावर बसून पाण्याचा रंग बघावा. काळपट खरखरीत पट्टा म्हणजे वारा, चकचकीत पट्टा म्हणजे आडोसा. पट्टे कुठून कुठे सरकतात ते ध्यानात आलं की कुठून उतरायचं ते आपोआप ठरतं.

एक गोष्ट नकाशावर बोट ठेवून समजून घ्यावी. धरणाची भिंत पूर्वेच्या टोकाला, पवनानगरजवळ आहे. वारा पश्चिमेचा. म्हणजे ज्याचा हात थकला, शीड उचलेना, तो वाहत वाहत भिंतीकडे जाणार, आणि तो भाग प्रतिबंधित आहे. यावर उपाय जुनाच: सुरुवात नेहमी वाऱ्याच्या तोंडाकडे करायची. ताकद ताजी असताना पश्चिमेकडे तिरपं तिरपं चढत जायचं, म्हणजे थकल्यावर वारा आपल्याला उतरलेल्या जागीच आणून सोडतो. उतरण्याची जागाही अशी निवडावी की वारा काठाला समांतर वाहील. काठाकडून तलावाच्या मध्याकडे वाहणारा वारा काठाजवळ अगदी सौम्य वाटतो आणि मध्यावर गाठतो.

तलावांचं असं शिस्तीत वागणं जगभर दिसतं. इटलीच्या गार्डा तलावावर सकाळी उत्तरेचा पेलेर आणि दुपारी दक्षिणेचा ओरा, असे दोन वारे उन्हाळ्यात जवळजवळ घड्याळ लावून येतात, आणि तिथल्या गावांचा दिवस त्यांवर चालतो. उष्ण कटिबंधातलं नामांकित ठिकाण म्हणजे कोस्टा रिकातला अरेनाल. तोही नैसर्गिक तलाव राहिलेला नाही. १९७९ मध्ये धरण बांधून तो कितीतरी पट वाढवला आणि त्याचं पाणी डोंगराच्या दुसऱ्या बाजूला सोडून वीज केली. डिसेंबर ते एप्रिल व्यापारी वारे डोंगररांगेतल्या खिंडीतून थेट तलावावर येतात. हे वाचून मावळातल्या माणसाला ओळखीचं वाटेल. टाटांनी लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून १९१५ मध्ये खोपोलीला वीज केली, ती त्याच युक्तीने. फरक वाऱ्यात आहे. अरेनालला चार-पाच महिने वारा दिवसरात्र वाहतो, आपल्याला दिवसाचे तीन-साडेतीन तास मिळतात. म्हणून आपलं वेळापत्रक जास्त काटेकोर.

सामानाचं बघू. पवनेच्या काठावरच्या तंबूवाल्यांकडे कयाक मिळते, बार्बेक्यू मिळतं. फळी आणि शीड मात्र आपलं न्यावं लागतं, किंवा शिकवणाऱ्याला ते घेऊन यायला सांगावं लागतं. पहिले धडे शिडाच्या होड्यांच्या क्लबात किंवा गोव्याला घेऊन मगच तलावावर स्वतंत्रपणे उतरावं, हे माझं मत ठाम आहे. फळी लिटरमध्ये मोजतात, म्हणजे ती किती पाणी बाजूला सारते ते. नवशिक्याने आपल्या वजनाच्या आकड्यात शंभरेक मिळवावेत: सत्तर किलोच्या माणसाला १६० ते २०० लिटरची, रुंद, मधोमध खाली सरकणारं पातं असलेली फळी. शीड साडेचार-पाच चौरस मीटरचं. ज्यांनी समुद्रावर शिकलंय त्यांना तलावावर दोन बारीक फरक जाणवतात. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलकं, म्हणून दोनशे लिटरची फळी पाच किलो कमी तोलते. आणि सहाशे मीटर उंचीवर हवा पाच-सहा टक्के विरळ, म्हणून तेवढ्याच नॉटला शीड थोडं मऊ वाटतं. दोन्हींचा निष्कर्ष एकच: समुद्रावर जे वापरता त्याच्या एक माप वरचं न्या.

अंगावर लाइफ जॅकेट, पोहता येत असलं तरी. पवनेत दरवर्षी माणसं बुडतात आणि त्यांतली बरीच पोहणारी असतात. काठ एकदम खोल होतो, तळाला चिखल आहे, आणि पाणी उतरल्यावर जुन्या झाडांचे बुंधे पृष्ठभागाजवळ येतात. एप्रिलमध्ये पाणी खूप मागे गेलेलं असतं, म्हणून पायात जुने बूट हवेतच. मासेमारीची जाळी कुठे लावली आहेत ते गावातल्या माणसाला विचारून घ्यावं. फळीखालचं पातं जाळ्यात अडकलं तर आपली फजिती आणि त्याचं नुकसान.

गावाचा विषय निघालाच आहे म्हणून. हा जलाशय आपल्या करमणुकीसाठी झालेला नाही. त्याखाली गावं गेली आहेत, त्याचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं, आणि तिथे नेण्याच्या बंद जलवाहिनीविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती मार्गावर बऊरजवळ झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. काठावरची जमीन कोणाची तरी आहे. विचारून उतरावं, गाडी शेताच्या बांधावर लावू नये, आणि ज्याच्याकडे उतरतो त्याच्याकडे जलसंपदा विभागाची परवानगी आहे का, हे बुकिंगआधी फोनवर विचारावं. जो उत्तर टाळेल त्याच्याकडे जाऊ नये.

प्रवासाचं फार लिहिण्यासारखं नाही. मुलुंड-घाटकोपरवाल्यांनी ऐरोली किंवा वाशीवरून कळंबोली गाठावी. अंधेरी-बोरिवलीवाल्यांना जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता ओलांडावा लागतो, आणि त्यांचा अर्धा-पाऊण तास तिथेच जातो. दुचाकी द्रुतगती मार्गावर चालत नाही, तिला जुन्या महामार्गाने यावं लागतं. लोणावळ्यापासून तलाव वीसेक किलोमीटर. वारा दुपारचा असला तरी शनिवारी सहाच्या आत निघावं, कारण नंतर खंडाळ्याचा घाट तुंबतो. रेल्वेने जाणाऱ्यांनी सामान शिकवणाऱ्याच्या टेम्पोत पाठवावं आणि ठाण्याहून किंवा कल्याणहून पुण्याकडची सकाळची गाडी पकडावी. पण खरं सांगायचं तर बुधवारची रजा शनिवारपेक्षा मोलाची. रस्ता मोकळा, काठ मोकळा, आणि वाऱ्याला वार माहीत नसतो.

आता वळीव. एप्रिलच्या उत्तरार्धापासून दुपारनंतर पूर्वेकडे पठारावर ढगांचे मनोरे उभे राहतात. गोम अशी की नेहमीचा वारा पश्चिमेचा असतो, आणि वादळ बहुतेकदा पाठीमागून, पूर्वेकडून येतं. ढगातून पावसाबरोबर थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीला आपटून चारी बाजूंना पसरते. त्या वेळी पश्चिमेचा वारा अचानक पडतो, दोन-चार मिनिटं चमत्कारिक शांतता असते, आणि मग उलट्या दिशेने तिप्पट जोराचा झोत येतो. त्यात वीज, आणि आपल्या हातात चार मीटरची काठी. तेव्हा नियम साधा: गडगडाट ऐकू आला की काठ. ढग दूर आहे की जवळ याची चर्चा काठावर करावी.

मध्येच अडकलं तर फळी सोडू नये. शीड पाण्यात पडलेलं राहू द्यावं, ते नांगरासारखं वाहण्याचा वेग कमी करतं. बसून दम घ्यावा. जमलं तर शीड गुंडाळून फळीवर आडवं घ्यावं आणि पोटावर झोपून हातांनी वल्हवत जवळच्या काठाकडे जावं, निघालो त्याच काठाकडे नव्हे. मदत हवी असेल तर दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करावेत, ही खूण सगळीकडे ओळखली जाते. काठावर एक माणूस कायम पाण्याकडे बघत बसलेला हवा, आणि त्याच्याजवळ कयाकवाल्याचा नंबर. चहा करणारा आणि बघणारा माणूस एकच असू नये.

सहाच्या सुमारास वारा मऊ पडतो. तेव्हाच बाहेर यावं, कारण काळोखात शीड सोडवताना कुठलीतरी पिन मातीत जाते आणि पुढच्या वेळी कळतं. गोड्या पाण्यामुळे मीठ धुण्याचा व्याप नाही, पण सांध्यातला चिखल काढायचा आणि त्याच्या रबराला चीर गेलेली नाही ना ते वाकवून बघायचं. शीड ओलं गुंडाळू नये, आणि उन्हात बंद गाडीत ठेवू नये. डोलकाठी दोन तुकड्यांत येते, ४.३० मीटरच्या काठीचा एकेक तुकडा सव्वादोन मीटरच्या आतला. तो बहुतेक सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये तिरका बसतो. फळी बसत नाही. तिच्यासाठी जिन्याखालची जागा आणि सेक्रेटरीची परवानगी, दोन्ही मार्चच्या आधी मिळवून ठेवावीत.